मंगलाष्टकाची एएमसी

"दिल्लीत मराठी लग्न लागायला तीनच माणसं लागतात," दीनानाथ पारसनीस म्हणायचे, "नवरा, नवरी आणि मी! बाकीचे सगळे जेवायला येतात."

गुरुजी यात धरलेले नाहीत का, असं त्यांच्या पत्नीने, म्हणजे अरुणाताईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर दीनानाथांनी नुसता हात झटकला. गुरुजी काय, कुठूनही आणता येतात! मंगलाष्टक कुठून आणणार?

आणि यात तथ्य होतंच. केंद्र सरकारच्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन गाझियाबादेत स्थायिक झालेले दीनानाथ म्हणजे अख्ख्या दिल्ली-एनसीआरचे मंगलाष्टककार! पुण्यामुंबईकडे घरटी एक मामा किंवा आत्या असते, जी चार ओळी जुळवून माइकचा ताबा घेते आणि मग मुहूर्त टळेपर्यंत सोडत नाही. दिल्लीत तशा आत्यांचा तुटवडा. त्यामुळे लग्न नोएडाला असो की फरिदाबादला, मुलीचा बाप पहिला फोन कॅटररला करायचा आणि दुसरा पारसनीसांना.

दीनानाथ पैसे घेत नसत. फक्त फोनवर गंभीर आवाज काढत. "मुलीचं नाव काय म्हणालात? लहानपणी खेळकर होती का?" (कुठला बाप नाही म्हणेल?) "हं. बघतो. शब्द आतून यावे लागतात हो. दोनतीन रात्री जागावं लागेल." मग लग्नाच्या दिवशी जरीची टोपी घालून, डोळे मिटून उभे राहत आणि सुरू करत. आख्खा हॉल गहिवरायचा. मुलीचा बाप गळ्यात पडायचा. परतताना डिकीत श्रीखंडाचा डबा असायचा.

आता दीनानाथांना जी गोष्ट कुणाला कळू द्यायची नव्हती, ती तुम्हाला सांगून टाकतो. ते मंगलाष्टक एकच होतं. तेच ते! दर लग्नाला फक्त मुलीचं नाव बदलायचं.

लिहिलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या लेकीसाठी. केतकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली. तेव्हा मात्र त्या ओळी खरोखर आतून आल्या होत्या, त्याही रात्रीबित्री न जागता, दुपारी भाजी निवडताना!

होती खेळत केतकी घरभरी, झाली कधी ही वधू?

पुढे 'बापाच्या नयनांत का डबडबे पाणी सुखाचे पुन्हा' या ओळीला त्यांचा आवाज असा फुटला की 'दारी आज उभा सखा तिजसवे, कुर्यात् सदा मंगलम्' ही शेवटची ओळ गुरुजींनाच पुरी करावी लागली. केतकीने ते मंगलाष्टक सुंदर अक्षरांत लिहून घेतलं, फ्रेम केलं आणि गुरुग्रामच्या आपल्या अठराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलासमोर लावलं. पाहुणा आला की ती त्याला आधी तिथे नेते. "हे बाबांनी फक्त माझ्यासाठी लिहिलंय. एकच पीस आहे जगात!" तेव्हा दीनानाथ मान खाली घालून वरणभात कालवत बसतात.

पहिल्यांदा तेच वापरलं ते नाइलाजाने. लग्न उद्यावर आलं आणि काही सुचेना. नाव बदललं, म्हटलं, कुणाला कळतंय! दिल्लीकर पाहुणे ट्रॅफिकमधून पोचतात ते जेवायलाच! दुसऱ्यांदा तितका नाइलाज नव्हता. तिसऱ्यांदा तर अजिबातच नव्हता. अडचण एकच होती. 'केतकी'च्या जागी दुसरं नाव नीट बसेना. मग प्रणिताची 'प्राणिता' झाली, रुचिताची 'रूऽचिता' झाली आणि प्रज्ञाला तर इतकं ताणावं लागलं की नवरदेवाने अंतरपाटावरून डोकावून बघितलं. केतकीला मात्र दीनानाथांनी यातल्या एकाही लग्नाला फिरकू दिलं नाही. "कशाला येतेस एवढ्या ट्रॅफिकमधून? मी देतो तुझा आहेर!" तिला वाटायचं, बाबा किती काळजी करतात!

अरुणाताईंना सगळं ठाऊक होतं. "एक दिवस पकडले जाल," एवढंच म्हणून त्या श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवायच्या.

ठिणगी पडली ती कस्तुरबा गांधी मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये. मराठी मंडळाचे सेक्रेटरी बळवंतराव खानोलकर मोबाईल नाचवत आले. त्यांची धाकटी लेक तनया हिचं लग्न ठरलं होतं, त्याबद्दल बोलायला ते यायचेच होते. पण आल्या आल्या त्यांनी मोबाईल कोथिंबीर वडीच्या बशीवरच ठेवला.

"पारसनीस, चोरी! दिवसाढवळ्या!"

मोबाईलवर नोएडाचा कुठलासा बँड गिटार वाजवत होता आणि एक पोरगा झुलत झुलत गात होता: "होती खेळत काव्याऽऽ घरभरी!" खाली लिहिलं होतं, 'आमचं ओरिजिनल'.

"अहो, हे तर आमच्या प्रणिताचं मंगलाष्टक!" बळवंतराव म्हणाले. प्रणिता ही त्यांची थोरली. (केतकीच्या लग्नाच्या वेळी ते चेन्नईला बदलीवर होते.) "तुम्ही तिच्यासाठी तीन रात्री जागला होतात!"

दीनानाथांनी आधी घाईघाईने मोबाईलचा आवाज बंद केला. पण पाठोपाठ संतापही आला. माझी ओळ? आणि 'ओरिजिनल'?

"कॉपीराइट!" ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. वडी उडाली. "रजिस्टर करतो! रीतसर फी भरून!"

"फी? बिल्कुल नाही!" बळवंतराव विधी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कायद्याचा विषय निघाला की त्यांची छाती आपोआप फुगते. "ज्या क्षणी लिहिलंत, त्या क्षणी हक्क तुमचा झाला. कायद्याने! नोंदणी करा नाही तर नका करू. बाप म्हणवून घ्यायला कोणी पैसे भरतं का?"

"जन्मदाखल्यासाठी रांगेत उभे राहतातच की!"

"ते शाळेसाठी! तुमच्या मंगलाष्टकाला काय नर्सरीत घालायचंय?"

"बळवंतराव, फुकटच्या हक्काला दिल्लीत कुत्रं विचारत नाही. कागद पाहिजे. शिक्का पाहिजे!"

"मग उद्या गरीब कवीने काय करायचं? ओळी सुचल्या की आधी पाकीट बघायचं?"

यावर दीनानाथांनी चहा मागवला. पण शिक्का डोक्यात बसला तो बसलाच. दोन दिवसांनी ते बळवंतरावांना साक्षीदार म्हणून ओढतच लक्ष्मीनगरच्या एका दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. दारावर पाटी होती, 'कलाकवच सर्व्हिसेस', आणि आत होते बत्राजी.

बत्राजी अत्यंत प्रेमळ माणूस! त्यांनी मंगलाष्टक पूर्ण ऐकलं, एक अक्षर न कळता डोळे पुसले आणि म्हणाले, "सर, रजिस्ट्रेशन तो हो जाएगा. सरकारी फीस मामूली है. लेकिन उसके बाद? देखभाल कौन करेगा? एएमसी ले लीजिए, सालाना मेंटेनन्स का कॉन्ट्रॅक्ट!"

"पोएम की एएमसी?"

"आरओ की लेते हो, एसी की लेते हो, पोएम की क्यों नहीं? गोल्ड प्लॅन में हमारा सॉफ्टवेअर चौबीस घंटे इंटरनेट पे घूमेगा. जहां आपकी लाइन सुनाई दी, नोटीस! व्हिडिओ डाउन!"

"कायद्यात दरवर्षी पैसे भरायचं कुठेही लिहिलेलं नाही," बळवंतराव गुरगुरले आणि मग तेच हिंदीत म्हणाले.

"कानून में नहीं है सर," बत्राजी हात जोडून म्हणाले, "हमारे प्लॅन में है."

दीनानाथांनी गोल्ड प्लॅन घेतला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बत्राजींनी पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "सर, यह गाने की परमिशन किसी को दी है? नाम बता दीजिए, उनको नोटीस नहीं जाएगा."

दीनानाथांच्या डोळ्यांपुढून सगळी लग्नं गेली. सगळ्या जरीच्या टोप्या, सगळे श्रीखंडाचे डबे. शेजारी बळवंतराव बसलेले. नावं सांगितली तर यांना कळणार! आणि तेवढ्यात बळवंतरावच अभिमानाने म्हणाले, "सिर्फ मेरी बेटी प्रणिता! उसी के लिए लिखा था. है ना पारसनीस?"

आता इथे दीनानाथांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. निदान 'केतकी' तरी म्हणायला हवं होतं. जीभ उचललीसुद्धा होती. पण बळवंतराव इतक्या कौतुकाने बघत होते की तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

"हां हां. सिर्फ प्रणिता. बाकी किसीको छोडना नहीं!"

आणि सही केली.

पुढे काही आठवडे दीनानाथ जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. दूधवाल्याला सांगून झालं, सोसायटीच्या गार्डला सांगून झालं. नोएडाच्या त्या बँडने मुकाट्याने व्हिडिओ उतरवला. "बघितलंस? याला म्हणतात शिक्का!" त्यांनी अरुणाताईंना ऐकवलं.

मग पहिला फोन आला. दिल्ली कँटोन्मेंटमधून, सुभेदार हिंमतराव जगदाळ्यांचा. त्यांच्या प्रज्ञाचं लग्न लागून वर्ष झालं होतं आणि त्यांनी दीनानाथांना कोल्हापूरचा गूळ पाठवला होता, चांगली ढेपच्या ढेप!

"साहेब, आमाला कसली तरी नोटीस आलीया. हितं लिवलंय की आमी चोरी केली."

दीनानाथ खुर्चीत बसले.

"लग्नाचा व्हिडिओ पोरीनं टाकला हुता, त्यो बी काढून टाकला म्हनं. साहेब, आयुष्य फौजेत गेलं माजं. सरकारची टाचणी घरी आनली न्हाई. आन तुमी आमच्या प्रज्ञासाठी लिवलेलं आमीच चोरलं म्हंत्यात! काय करावं?"

"काहीतरी चूक झाली असणार हिंमतराव. मी... बघतो," दीनानाथ म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. एका प्रामाणिक माणसाला आपण सही करून चोर ठरवलं, आणि तो आपल्यालाच सल्ला विचारतोय! अरुणाताईंनी आतून विचारलं, "कोणाचा हो?" तर म्हणाले, "रॉंग नंबर."

त्या दिवशी रॉंग नंबर फार आले. रुचिताचे वडील विठ्ठलराव डहाके रडवेले होते, कारण तो व्हिडिओ त्यांची आई अमरावतीला रोज जेवताना बघायची. वसंत कुंजहून आला, द्वारकेहून आला, एक तर थेट सिंगापूरहून आला. प्रत्येकाचं म्हणणं एकच: काका, आमच्या मुलीचं मंगलाष्टक कोणीतरी पळवलंय, तुम्ही येऊन सांगा ना, की ते आमचंच आहे! आणि दीनानाथ प्रत्येकाला 'येतो' म्हणाले.

त्यांनी घाईघाईने बत्राजींना फोन लावला. "बंद करो वो सॉफ्टवेअर!"

"सर, आपने ही तो कहा था, किसीको छोडना नहीं! क्या रिझल्ट आया है, देखिए, पूरी गॅंग निकली! बंद हो जाएगा. बस लिख के दे दीजिए कि किस-किस को आपने खुद दिया था."

लिहून द्यायचं! म्हणजे ज्याच्यासाठी इतकी वर्षं लपवलं, तेच स्वतःच्या अक्षरात! दीनानाथांनी 'उद्या देतो' म्हणून फोन ठेवला. तो उद्या काही आला नाही. त्याच्या आधी केतकीचा फोन आला.

"बाबा, ऐका ना, काहीतरी भयंकर फ्रॉड चाललाय. मला नोटीस आलीये. माझ्या लग्नाच्या व्हिडिओला! त्यात लिहिलंय की माझं मंगलाष्टक म्हणे फक्त कुणा प्रणिता खानोलकरसाठी लिहिलं होतं. तुमच्या नावाने! यार, लोकांची हिंमत बघा!"

दीनानाथांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका," केतकी म्हणाली. "मी आहे ना. रविवारी सदनात मीटिंग आहे म्हणे त्यावर, मंडळाच्या ग्रुपवर आलंय. मी फ्रेम घेऊन येतेय. बघतेच कोण माझ्या बाबांची कविता ढापतंय!"

मीटिंग बोलावली होती बळवंतरावांनी. अर्धं मंडळ प्रणिताच्या मंगलाष्टकाचे चोर निघाल्याचं त्यांना बत्राजींकडून कळलं होतं आणि ते नुसते उकळत होते. प्रत्यक्ष पुरावा म्हणून त्यांनी बत्राजींनाही बोलावलं होतं. इकडे बाकीचे येणार होते ते बळवंतरावांना चोर समजून. म्हणजे सगळे चोर पकडायलाच येत होते!

"माझं पोट बिघडलंय," रविवारी सकाळी दीनानाथ म्हणाले.

"बिघडू दे. मी थालीपीठ खायला येणार आहे," अरुणाताई साडी नेसत म्हणाल्या. "आणि बघायलाही."

कँटीनमध्ये तीन टेबलं जोडली होती. बळवंतराव उभे राहिले. "मंडळी, मनाला अतिशय वेदना होत आहेत. माझ्या प्रणितासाठी लिहिलेलं मंगलाष्टक आपल्यातल्याच काही लोकांनी..."

"कोन प्रनिता?" हिंमतराव उठले. "त्ये आमच्या प्रज्ञाचं हाय!"

"सॉरी हं, ते रुचिताचं आहे," विठ्ठलराव म्हणाले.

"अच्छा? रुचिताचं? मग म्हणून दाखवा की!" बळवंतराव कडाडले.

विठ्ठलरावांनी घसा साफ केला. हिंमतरावांनी वाट बघितली नाही. बळवंतराव तर आधीच सुरू झाले होते. आणि वसंत कुंज, द्वारका सगळ्यांनीच एकदम सूर लावला.

"होती खेळत..." इथपर्यंत सगळे एका सुरात! मग नावापाशी जी टक्कर झाली, प्राणिता, रूऽचिता, प्रज्ञाऽआऽ, सगळ्या एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. आणि "घरभरी" ला पुन्हा सगळे एकत्र! पलीकडच्या टेबलावरच्या लोकांना वाटलं, काहीतरी सांस्कृतिक कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या. सगळ्या माना हळूहळू एका दिशेला वळल्या. त्या दिशेला दीनानाथ थालीपिठाच्या ताटात तोंड घालून बसले होते, आणि ताट अरुणाताईंचं होतं.

"साहेब," हिंमतराव हळूच म्हणाले, "तुमी तर म्हनला हुता, प्रज्ञासाठी तीन रात्री जागलो."

"मलाही तीनच रात्री म्हणाले होते," विठ्ठलराव म्हणाले.

"मलाही," वसंत कुंज म्हणाले.

बळवंतराव खाली बसले. "पारसनीस, तुम्ही शेवटचे झोपलात कधी?"

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. दीनानाथांना वाटलं, उठावं आणि तडक निघून जावं. पण दार उघडलं आणि दारात केतकी उभी होती.

घामाघूम! कवेत ती भलीमोठी फ्रेम. "सॉरी, सॉरी, उशीर झाला! मेट्रोत सिक्युरिटीवाले सोडेनात. मशीनमध्ये जाईना, म्हणाले, मॅडम, इसमें क्या है? मी म्हटलं, मेरे पापा की पोएम है. मग कुठे सोडलं." तिने फ्रेम पाण्याच्या जगला टेकवून उभी केली. "हां. आता सांगा, चोर कोण?"

विठ्ठलराव वाकून वाचायला लागले. वाचता वाचता गुणगुणले. 'होती खेळत केतकी घरभरी'. पुन्हा एकदा म्हणून बघितलं. कुठेही अडखळले नाहीत.

"म्हणजे दोष माझ्या गळ्यात नव्हता!" ते ओरडले. "बायको आजतागायत म्हणते, घरी गुणगुणताना तुम्ही नावापाशीच बेसूर होता. अहो, ती जागाच हिच्या नावाची आहे!"

"अर्थात माझ्या नावाची आहे," केतकी म्हणाली. "बाबांनी माझ्यासाठीच..." आणि ती थांबली. तिने सगळ्यांचे चेहरे बघितले. मग आईकडे बघितलं. अरुणाताई ताटाकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात बत्राजी फाईल घेऊन आले. "नमस्ते, नमस्ते! अरे सर, आप पहले से बैठे हैं! यह लीजिए डिक्लेरेशन. सर ने खुद साइन किया है, सिर्फ प्रणिता जी के लिए."

केतकीने कागद घेतला. वाचला. "बाबा, ही सही तुमची आहे?"

"हो."

"म्हणजे चोर मी?"

दीनानाथांनी आयुष्यात शेकडो फायलींवर लांबलचक टिपणं लिहिली होती. आत्ता एक वाक्य जुळेना. लाज कशाला म्हणतात ते त्यांना त्या दिवशी कळलं. आपण पकडले गेलो याची ती लाज नव्हती. पोरगी आपल्या बाजूने भांडायला, एवढं ओझं कवेत घेऊन, मेट्रो बदलत आली होती, त्याची होती.

"केतू, तुझ्या लग्नातलं ते रडू खरं होतं," ते कसेबसे म्हणाले. "शपथ."

"आणि बाकीच्या लग्नांतलं?"

दीनानाथांनी पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. "प्रॅक्टिस झाली होती गं."

केतकी रडली नाही, ओरडली नाही. तिने फ्रेम उचलून पालथी ठेवली. ते दीनानाथांना कुठल्याही ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. मग ती बत्राजींकडे वळली.

"यह रजिस्ट्रेशन किसके नाम पे है?"

"सर के नाम पे, मॅडम."

"मेरे नाम पे करवाइए."

"हो जाएगा मॅडम! सर लिख के दे दें, बस. फीस अलग लगेगी."

"बाबा भरतील," केतकी म्हणाली. "आणि बाबा, यापुढे मला विचारल्याशिवाय ते कुठेही म्हणायचं नाही. विचारून म्हणालात, तरी माझं नाव बदलायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"सगळ्यांचे व्हिडिओ परत लागले पाहिजेत. त्यांचा काय गुन्हा आहे?" ती फ्रेम घेऊन निघाली. दारापाशी हिंमतरावांनी ती तिच्या हातातून घेतली आणि मेट्रोपर्यंत पोचवायला गेले. उरलेले लोकही उठले. बिल दीनानाथांनी दिलं. कोणी नको म्हटलं नाही.

बळवंतराव तेवढे थांबले. "तनयाचं लग्न जवळ आलंय. तिच्यासाठी नवीन लिहा. आणि पारसनीस, या वेळी खरंच जागा."

दीनानाथ खरंच जागले. अरुणाताई साक्षीदार आहेत! आधी घरोघरी फोन करून माफी मागितली. हिंमतराव म्हणाले, "जाऊ द्या साहेब, गूळ ग्वाड लागला न्हवं?" तेव्हा दीनानाथांना फोनवरच हुंदका आला, आणि तो प्रॅक्टिसचा नव्हता. मग लिहायला बसले. अख्खं घर कागदांनी भरलं. तनयासाठी तनयाचीच ओळ पाहिजे, म्हणून तिच्या आईला विचारून आले, तर कळलं की ती लहानपणी अजिबात खेळकर नव्हती, कोपऱ्यात बसून कात्रीने पडदे कापायची! दीनानाथांनी तेही शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवलं. नवरदेवाचं नाव शार्दूल होतं, तो बिचारा तर न सांगता बसला.

लग्न गुरुग्रामला. आता अडवायचं कारण नव्हतं, त्यामुळे केतकीही आली होती. त्या रविवारनंतर ती फोनवर मोजकंच बोलायची, "हो बाबा", "ठीक आहे बाबा". ती पहिल्या रांगेत बसली होती. मुद्दाम का कोण जाणे, पण अगदी समोर.

दीनानाथ माइकपाशी गेले. कागद उघडला. अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटल्या गेल्या, सगळे थांबले. त्यांनी वर बघितलं, तर समोर केतकी. लग्नात नेसली होती तीच हिरवी पैठणी. आणि दीनानाथांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पडदे गेले, कात्री गेली, हातातल्या कागदावरचं एक अक्षर दिसेना. बारा वर्षांची सवय झालेली जीभ आपली आपण निघाली.

"होती खेळत..."

पहिल्या रांगेत केतकीची भुवई वर गेली. बळवंतरावांनी डोळे मिटले. दीनानाथांना कळलं, काय झालंय ते! मागे फिरता येत नव्हतं. पुढे नाव घ्यायचं होतं. 'तानया' अगदी ओठांवर आली होती. पण नाव बदलायचं नाही, असं कबूल केलेलं! माणसाने आयुष्यात एक तरी शब्द पाळावा की नाही?

"...केतकी घरभरी!" त्यांनी ठणठणीत आवाजात म्हटलं, "झाली कधी ही वधू?"

नवरदेवाने अंतरपाटाच्या वरून बघितलं. तनयाने खालून बघितलं. नवऱ्या मुलाची आई शेजारणीला विचारत होती ते माइकमध्येसुद्धा आलं: "ही केतकी कोण? मुलगी बदलली की काय हो?"

गुरुजी शहाणे होते. त्यांनी माइक काढून घेतला आणि स्वतःच जोरात पुढचं सुरू केलं. अक्षता पडल्या. काही बळवंतरावांनी थेट दीनानाथांवर मारल्या, अगदी मूठभर. दीनानाथांनी त्या मुकाट अंगावर झेलल्या आणि खाली बघत उभे राहिले. मग जरा धीर करून त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. केतकी हसत होती. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मेट्रोत फ्रेम घेऊन गेल्यापासून पहिल्यांदाच.

लग्नानंतर आठवडा झाला. दीनानाथ बाल्कनीत चहा घेत होते. तनयाच्या मैत्रिणीने लग्नाचा व्हिडिओ टाकलाय, असं ग्रुपवर आलं होतं. तो बघायची त्यांची हिंमत नव्हती. तेवढ्यात मोबाईल वाजला. 'कलाकवच सर्व्हिसेस'. एएमसी अजून चालू होती.

'प्रिय श्री दीनानाथ पारसनीस, आपने हमारी क्लाइंट श्रीमती केतकी की रचना सार्वजनिक समारोह में बिना अनुमति गाई है. हमारा सॉफ्टवेअर...'

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मान खाली घालून मोबाईल अरुणाताईंच्या हातात दिला. अरुणाताईंनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"चला," त्या म्हणाल्या, "भरलेले पैसे एकदाचे वसूल झाले!"